बाईंजवळ उरलेला शब्द

"डॉक्टरांचा राउंड मघाशीच झाला. आता संध्याकाळी येतील," नर्सने बाईंची उशी सारखी करत सांगितलं.

बाईंनी मान हलवली, ओठ गोळा केले आणि पुन्हा तेच म्हटलं, "अबाउंड."

"तेच सांगते आहे मी. राउंड झाला."

खिडकीपाशी स्टुलावर बसलेले मिस्त्री उठून कॉटजवळ आले. बाईंच्या तोंडून शब्द बाहेर पडला, एवढंच त्यांना पुरेसं होतं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाईंचा उजवा हात पांघरुणावर ठेवला तिथेच पडून राहत होता, आणि बोलायला गेल्या की नुसती हवा बाहेर यायची. आज शब्द आला होता. मग तो राउंड असो नाहीतर आणखी काही. मिस्त्रींनी वाकून विचारलं, पाणी हवंय का? बाई म्हणाल्या, अबाउंड. लेकीला फोन लावू? अबाउंड. खिडकी लावून घेऊ? शेवटी बाईंनीच कंटाळून डोळे मिटले.

शब्द इंग्रजी असणार, एवढं मिस्त्रींनी ताडलं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंशी संसार करूनही त्यांना इंग्रजी येत नव्हतं. दिव्याखाली अंधार, असं बाई स्वतःच चारचौघांत म्हणायच्या आणि मिस्त्री मान खाली घालून हसायचे. त्यांचं इंग्रजी शिलाई मशीनच्या सुट्या भागांपुरतं होतं. बॉबिन, शटल, टेन्शन. टेन्शन म्हणजे दोऱ्याचा ताण, तुम्हा मास्तर लोकांचं टेन्शन निराळं, हा त्यांनी आयुष्यात केलेला एकुलता एक विनोद. आणि तोही बाईंनी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितला होता, की शेवटी तो बाईंच्याच नावावर जमा झाला होता.

मिस्त्रींचं दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. लग्नाआधी बाई आपल्या आईचं मशीन घेऊन त्याच दुकानात आल्या होत्या. मशीन टाके सोडत होतं. मिस्त्रींनी ते तासाभरात नीट करून दिलं, पण बाईंचं बोलणं तासाभरात आटोपलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, आणि नंतर मशीनची तक्रार नसतानाही येत राहिल्या. गिऱ्हाईक आणि मिस्त्री म्हणून जे अहोजाहो सुरू झालं, ते लग्न झालं, लेक झाली, लेकीचंही लग्न झालं, तरी दोघांच्या तोंडून सुटलं नाही. त्या 'मिस्त्री' म्हणायच्या, ते 'बाई' म्हणायचे. गल्लीत, शाळेत, सगळीकडे त्याच नावांनी दोघं ओळखली जात.

संसारात बोलण्याचं खातं बाईंकडे होतं. शाळेत दिवसभर बोलून माणसाचा घसा बसतो, बाईंचा मोकळा व्हायचा. घरी आल्या की चपला काढता काढता सुरुवात. कुठल्या पोराने काय उत्तर लिहिलं, हेडमास्तर कुणावर का घसरले, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईचा नवरा कसा आहे. मिस्त्री हातातल्या मशीनवरून नजर न काढता ऐकत. त्यांना वाटायचं, घरात एक माणूस एवढं बोलत असताना दुसऱ्याने बोलण्याची गरजच काय. आता मात्र वॉर्डातल्या त्या कॉटशेजारी बसल्यावर त्यांना कळेना, की ही शांतता भरून काढायची कशाने.

बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट यायची. वयाने त्यांच्या लेकीपेक्षाही लहान. तिने मिस्त्रींना बाहेरच्या बाकावर बसवून समजावून सांगितलं. बाईंचे शब्द गेलेले नाहीत, त्यांची वाट बंद झाली आहे. अशा वेळी एखादाच शब्द दाराशी अडकून राहतो, आणि जे काही म्हणायचं असेल ते त्याच्याच पाठीवर बसून बाहेर येतं. तहान लागली तरी तोच, राग आला तरी तोच. तेव्हा शब्दात अर्थ शोधत बसू नका, आवाजाकडे लक्ष द्या.

"आणि काका, तुम्ही बोला त्यांच्याशी. खूप बोला. कानावर भाषा पडत राहिली पाहिजे."

"मी?" मिस्त्री म्हणाले. "काय बोलू?"

"काहीही."

मिस्त्रींचा चेहरा असा झाला, जणू झटका त्यांनाच आला होता.

अर्थ शोधू नका म्हटलं तरी माणूस शोधतोच. पुढे शाळेतल्या गणिताच्या मॅडम भेटायला आल्या, तेव्हा मिस्त्रींनी पहिल्यांदा तेच विचारलं. मॅडम आणि बाई इतकी वर्षं एकाच टेबलावर डबा खात आलेल्या. बाईंच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मॅडमनी तो लगेच ओळखला. झटका आला त्या दिवशी वर्गात बाई हाच शब्द शिकवत होत्या, असं त्यांनी सांगितलं. फळ्यावर लिहिता लिहिताच हातातून खडू पडला होता.

मॅडमनी मग जमेल तसं समजावलं. अबाउंड म्हणजे रेलचेल असणं. नदीत मासे अबाउंड करतात असं म्हणता येतं, आणि नदीच माशांनी अबाउंड करते असंही म्हणता येतं. जे भरलं आहे ते आणि ज्यात भरलं आहे ते, दोघांनाही हा शब्द चालतो. मात्र कोणी कोणाला अबाउंड करू शकत नाही. 'मी हंडा अबाउंड केला' असलं काहीतरी पोरं हमखास लिहायची, आणि बाई हसून हसून डोळे पुसत ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवायच्या. हे करून होत नाही, ते आपलं आपण होतं, असं वर्गात जाऊन पुन्हा सांगायच्या.

"मूळ शब्द लॅटिनमधला," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या पोटात लाट आहे म्हणायच्या. लाट भरून आली आणि काठ ओलांडून गेली, की झालं अबाउंड."

"म्हणजे उतू जाणं," मिस्त्री म्हणाले.

"मीही एकदा तेच म्हटलं होतं. तर म्हणाल्या, उतू गेलेलं वाया जातं. हे वाया जात नाही."

बाई कॉटवरून दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. "अबाउंड," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. शाळा आठवली म्हणून, की आपल्यादेखत आपल्याविषयी 'म्हणायच्या, करायच्या' असं चाललंय म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

घरी आणल्यावर मिस्त्रींनी बाईंचा पलंग सरळ दुकानातच मांडला. आतल्या खोलीत त्या एकट्या पडल्या असत्या, आणि हात चालू असले तर आपलं तोंडही चालेल, असा त्यांचा हिशेब. पहिले काही दिवस गाडी रेटावी तसं बोलणं रेटलं. हे मशीन कोपऱ्यावरच्या शिंप्याचं. हे जड चालतंय. तेल कोणी घातलंच नाही, त्याला हे तरी काय करणार. एवढं बोलून ते दमायचे. पण रोज उपसा सुरू झाला की विहिरीला झरे फुटतात म्हणतात, तसं झालं. मिस्त्री आपल्या वस्तादाविषयी सांगू लागले, ज्याने पहिलं वर्षभर त्यांना फक्त सुया पुसायला लावल्या. आईविषयी सांगू लागले. लहानपणी एका पुरात त्यांचं घर वाहून गेलं होतं, हे बाईंना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बाई एकटक ऐकत राहिल्या.

एका दुपारी मिस्त्री म्हणाले, "तुम्ही आईचं मशीन दुसऱ्यांदा घेऊन आलात ना, तेव्हा ते माझ्यामुळेच बिघडलं होतं. पहिल्या दिवशी परत देताना मीच स्क्रू थोडा ढिला ठेवला होता."

बाईंनी डोळे मोठे केले. मग "अबाउंड, अबाउंड, अबाउंड" अशी काही फैर झाडली, की तिचा अर्थ कुणालाही विचारावा लागला नसता. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला आणि मिस्त्रींना पाठ चोळावी लागली.

हळूहळू मिस्त्रींचा कान तयार झाला. शब्द शेवटी वर गेला तर तो प्रश्न. सपाट आला तर होकार. तुटक आला तर नको. ओढून ओढून आला तर पाय दुखतायत. शेजारपाजारचे चौकशीला आले की मिस्त्री मध्ये बसून सांगायचे, बाई विचारतायत मुलाचा ताप उतरला का. बाई म्हणतायत चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. बघता बघता गल्लीत बोलवा झाली, की बाईंची भाषा फक्त मिस्त्रींना येते. कधीकधी मिस्त्रींना स्वतःलाही खात्री नसायची. पण समोरचा माणूस उत्तराची वाट पाहत असायचा, आणि मिस्त्री काहीतरी बोलून मोकळे व्हायचे. उभ्या आयुष्यात त्यांच्या बोलण्याला कुणी एवढे कान दिले नव्हते. म्हाताऱ्याला नव्या दाताचं असावं तसं त्यांना बोलण्याचं अप्रूप वाटायला लागलं होतं.

अशात लेक आली. ती दूरच्या शहरात राहायची, नोकरी आणि लहान मूल सांभाळून धापा टाकत आलेली. आल्या दिवशी ती आईच्या उशाशी बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला. तिच्या घराजवळ एक मोठं केंद्र आहे. तिथे रोज बोलण्याचा सराव घेतात, हातापायाचा व्यायाम घेतात. इथे थेरपिस्ट आठवड्यातून एकदा येते, तेवढ्याने काय होणार. जावयाशी बोलणं झालंय. इमारतीला लिफ्ट आहे. काही महिन्यांचा तर प्रश्न आहे, बाबा, तुम्हीही चला.

मिस्त्रींनी लोकांची मशीनं अडकून पडली आहेत असं काहीतरी सांगितलं. मग लेक आईकडे वळली. तिचा हात हातात घेऊन तिने सावकाश विचारलं, "आई, माझ्याकडे येतेस?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे पाहिलं. "अबाउंड," त्या हळूच म्हणाल्या.

"काय म्हणते?" लेकीने विचारलं.

"नको म्हणतायत," मिस्त्री म्हणाले. "इथेच बरं आहे."

"नक्की?"

"मला कळतं त्यांचं."

लेकीने बॅग भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ती आईच्या गळ्यात पडली, डोळे पुसले आणि गेली. घाईत तिचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

त्या दिवशी बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. मिस्त्रींनी सूपचा चमचा पुढे केला तर ओठ मिटून घेतले. मिस्त्री बोलत राहिले. शिंप्याचं मशीन नेलं, दुसरं एक आलंय, त्याचं शटल पार गंजलंय. पलंगावरून काहीच येईना, तो एक शब्दसुद्धा. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारीण येऊन बसली, बाईंना काय वाटतं म्हणून तिने मिस्त्रींकडे पाहिलं, आणि मिस्त्रींना पहिल्यांदाच काही सांगता आलं नाही.

ती गेल्यावर ते गंजलेल्या शटलला तेल घालत बसले. लेकीने विचारलं तेव्हा आवाज वर गेला होता की सपाट होता, हे ते आठवू लागले आणि त्यांना आठवेना. आठवणार कसं, त्यांनी ऐकलंच नव्हतं. प्रश्न बाईंना विचारला होता आणि उत्तर मिस्त्रींच्या जिभेवर आधीच तयार होतं. बाईंना नेलं तर या खोलीत आपण कुणाशी बोलणार, एवढंच त्या क्षणी त्यांच्या मनात आलं होतं. बाईंजवळ एकच शब्द उरला होता, आणि तोही त्यांनी आपल्या कामाला लावला होता. तेल शटलवरून ओघळून टेबलावर पसरलं, तरी त्यांचा हात थांबला नव्हता.

थेरपिस्ट आली तेव्हा मिस्त्रींनी सगळं सांगून टाकलं. बाहेर बोलावून नाही, बाईंच्या पलंगाशेजारी उभं राहून, त्यांना ऐकू जाईल असं. बाईंची पाठ त्यांच्याकडेच होती. थेरपिस्टने बोल लावला नाही. ती म्हणाली, पुन्हा विचारा, पण अशा रीतीने विचारा की उत्तर कुणाच्याच तोंडातून यायला नको.

मिस्त्रींनी बाईंना उठवून बसवलं. पांघरुणावर एका बाजूला घराची किल्ली ठेवली आणि दुसऱ्या बाजूला लेकीचा स्वेटर.

"बाई, ही किल्ली म्हणजे इथे राहायचं. हा स्वेटर म्हणजे लेकीकडे जायचं. मी काही बोलणार नाही."

बाईंचा डावा हात जराही न घुटमळता स्वेटरवर गेला. मिस्त्रींनी मान डोलावली. ते किल्ली उचलायला वाकले, तर बाईंनीच ती उचलली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. वर खिशावर दोनदा थोपटलं.

"म्हणजे मी इथे थांबू?" मिस्त्रींनी विचारलं. "दुकान चालू ठेवू?"

बाईंनी होकार दिला. मिस्त्रींनी पुन्हा विचारलं, आणि खात्री करायला आणखी एकदा विचारलं, तेव्हा मात्र बाई चिडून म्हणाल्या, "अबाउंड," आणि थेरपिस्टला हसू आवरलं नाही.

मिस्त्रींनी लेकीला फोन लावला. मी चुकीचं सांगितलं होतं, त्यांना यायचं आहे, असं म्हणाले. लेक म्हणाली, सुट्टी मिळाली की लगेच येते न्यायला.

बाई लेकीकडे गेल्या, पण मिस्त्रींनी पलंग हलवला नाही. रोज दुकान बंद केलं की ते पलंगाच्या कडेला बसून फोन लावायचे. लेक फोन आईच्या कानाशी धरायची. फोनवर 'हो' आणि 'ठेवतो' यापलीकडे कधी न गेलेला हा माणूस दिवसभराचं सगळं सांगायचा, आणि पलीकडून तो एकुलता एक शब्द कधी वर जात, कधी सपाट, येत राहायचा. अर्थ लागला नाही तर मिस्त्री आता तसं सांगायचे. "कळलं नाही मला, बाई." मग लेक एकेक गोष्ट विचारून बघायची, आणि बाईंना काय म्हणायचंय ते सापडेपर्यंत तिघंही धीर धरायची.

मग एके दिवशी लेकीने सांगितलं, आई आज 'खिडकी' म्हणाली. स्पष्ट म्हणाली. त्यानंतर 'पाणी' आलं, 'नको' आलं, नातीचं लाडाचं नाव आलं. बांध फुटावा तसं नव्हे, नळ गळावा तसं, थेंब थेंब. एका संध्याकाळी फोन लागल्यावर लेक काही बोललीच नाही. खूप वेळ श्वास ऐकू आला आणि मग बाई म्हणाल्या, "जेवलात?"

मिस्त्री जेवले नव्हते, तरी ते हो म्हणाले.

तो जुना शब्द मात्र कमी कमी होत गेला. कधी थांबला ते मिस्त्रींच्या ध्यानातही आलं नाही. एकदा त्यांनी सहज विचारलं, तर लेक म्हणाली, अहो, तो गेलाच बाबा, तिथल्या डॉक्टर म्हणाल्या हे फार चांगलं लक्षण आहे. चांगलंच होतं. मिस्त्रींनी शेजारणीला जाऊन आनंदाने सांगितलं. तरी परत येऊन दुकानात बसल्यावर त्यांना उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

बाई काठी टेकत परत आल्या. शब्द मोजके, एकेक, मध्ये थांबून थांबून. वाक्य पुरं झालं की कपाळावर घाम यायचा. शाळेत पुन्हा उभं राहता येणार नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. मॅडम त्यांच्या टेबलाच्या खणातलं सामान पिशवीत घालून घेऊन आल्या. बाईंनी पिशवी उघडली, वरवर पाहिली आणि मॅडमच्या मांडीवर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "पोरं... बरी?" मॅडम म्हणाल्या, बरी आहेत, नवीन बाईंना छळतायत. त्यावर बाईंना समाधान वाटलेलं दिसलं.

मध्यंतरी लेकीकडे केलेल्या खेपांमध्ये मिस्त्रींची कामं तुंबली होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर मशीनं, पलंगाखाली मशीनं, दाराआड मशीनं. बाई खुर्चीत बसून डाव्या हाताने बॉबिनी निवडत होत्या, रिकाम्या एकीकडे, दोरा असलेल्या दुसरीकडे. मिस्त्री एका पायमशीनला पट्टा चढवत होते. त्यांनी घसा खाकरला. मॅडमना गाठून त्यांनी एक वाक्य बसवून घेतलं होतं आणि दोन दिवस मनात घोळवलं होतं.

"बाई," ते म्हणाले आणि पट्टा धरलेल्या हाताने दुकानभर दाखवलं. "मशीन्स अबाउंड्स."

बाईंचा हात बॉबिनीवर थांबला. त्यांनी मान वर केली. मिस्त्रींनी हा चेहरा घरात कधी पाहिला नव्हता. तो पोरांना माहीत असणार.

"एस..." बाई म्हणाल्या. थांबल्या. "एस... नको."

"मशीन्स अबाउंड," मिस्त्रींनी सुधारून म्हटलं.

बाईंनी मान हलवली. पण तेवढ्याने त्यांचं झालं नव्हतं. पोराने बरोबर उत्तर दिलं तरी बाईंनी ते वर्गाला एकदा नीट म्हणून दाखवायचं असतं. त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"मशीन्स," त्या म्हणाल्या. "अ..."

ओठ गोळा झाले आणि तिथेच राहिले. महिनोन्महिने जो शब्द न बोलावता येत होता, तो आता हाका मारूनही येईना. "अ..." बाई पुन्हा म्हणाल्या. गळ्याची शीर ताणली गेली, डावी मूठ मांडीवर आवळली गेली.

मिस्त्रींच्या जिभेवर शब्द तयार होता. त्यांनी तो तिथेच धरून ठेवला. पट्टा खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि बाईंच्या समोर स्टूल ओढून बसले.

दारात एक गिऱ्हाईक डोक्यावर मशीन घेऊन येऊन उभं राहिलं. मिस्त्रींनी मागे न वळता त्याला हाताने थांबायची खूण केली. गिऱ्हाइकाने मशीन उंबऱ्याशी उतरवलं आणि तेही पायरीवर टेकलं.

बाईंनी श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं.